झेरॉक्सवाले काका आणि माझं आठवं सेमिस्टर

जानेवारी ते मे २०२५ या पाच महिन्यांत मी एका झेरॉक्सच्या दुकानाला ६३ वेळा पैसे दिले. कधी ४ रुपये, कधी २,१५०. मोबाइलमध्ये सगळी यादी आहे, ती बघितली की अख्खं सेमिस्टर आठवतं. एवढा पैसा ज्याला दिला त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला हरकत नाही.

दुकानाचं नाव देत नाही. "आहे तीच गर्दी आवरत नाही, नाव कशाला टाकता," असं काकाच म्हणाले. शिवाय पुढं मी तक्रारही करणार आहे. सदाशिव पेठेत, पेरूगेट आणि टिळक रोड यांच्या मधल्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या देवडीत बसवलेलं दुकान आहे. दोन मशीन, एक कॉम्प्युटर, स्पायरलचं पंचिंग करणाऱ्या काकू आणि भिंतीवर एक पाटी: 'मायक्रो करून मिळणार नाही. कारण विचारू नये.' मायक्रो म्हणजे कॉपीसाठी बारीक करून काढलेली प्रत, ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांना ठाऊक आहे. माझ्यासमोर एका मुलानं चार पानं एका पानात बसवून मागितली, वर "वाचायला सोपं जातं" असंही म्हणाला. काकांनी चष्मा काढून त्याच्याकडं फक्त बघितलं. पोरगं गेलं.

मी बार्शीची, ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पेठेत कॉट बेसिसवर म्हणजे एका खाटेचं भाडं देऊन राहणारी. आमच्या खोलीत प्रिंटर नाही, कॉलेजातला प्रिंटर 'सर आल्यावर' चालू होतो. त्यामुळं सुरुवात नाइलाजानं झाली. पहिल्या आठवड्यात सीनिअरच्या नोट्स आणि जुन्या पेपरांचा संच काढला. दर सांगून टाकते: एका बाजूला २ रुपये, पाठपोट ३, शंभराच्या वर पानं असली तर दीड, रंगीत १०, स्पायरल ४०. कॉलेजच्या गेटासमोर याहून स्वस्त मिळतं. तिथं मी एकदा गेले होते, २२० पानांच्या संचात ९७ ते १०४ ही पानंच नव्हती आणि ते कळलं इनसेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या, आदल्या रात्री. इनसेम ३० मार्कांची असते, त्यातला एक अख्खा प्रश्न त्या आठ पानांत होता. तेव्हापासून पन्नास पैशांचा हिशेब मी सोडून दिला.

काका पानं मोजतात. या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. मशीनवरचा आकडा बघून ते थांबत नाहीत, गठ्ठा हातात घेऊन, अंगठा ओला करून, कडेनं फरफर सोडत मोजतात. नुसतं मोजतही नाहीत, वाचतात. आधी मला याचा राग यायचा. माझा रेझ्युमे बॉण्ड पेपरवर काढताना त्यांनी "हॉबीजमध्ये रीडिंग लिहिलंय, काय वाचता?" असं विचारलं होतं. मागं रांग होती. मी काहीतरी पुटपुटले. चार दिवसांनी इंटरव्ह्यूला तोच प्रश्न आला, तेव्हा निदान उत्तर तयार होतं.

फेब्रुवारीत फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेची तालीम. नाटक, नाच, वाद्यं, चित्रं सगळं एकाच सादरीकरणात कोंबायचं असल्यानं आमच्या संहितेची रोज नवी आवृत्ती निघायची, आणि मी बॅकस्टेजला म्हणजे प्रती काढणं माझ्याकडं. लेखकानं संहिता जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. ती काकांच्या कॉम्प्युटरवर उघडली तर पडद्यावर नुसते कंस, टक्के आणि डॉलर. "तुमची नायिका फार शिव्या देते," काका म्हणाले. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून ती युनिकोडमध्ये कशी फिरवायची, पीडीएफ केल्यावर फॉन्ट का हलत नाही, हे सगळं दाखवलं. तसंच फोटो किंवा सर्किटची आकृती व्हॉट्सॲपवर साधी पाठवली की ती दाबून लहान होते आणि छापल्यावर रेषा फुटतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, हेही तिथंच कळलं. चार वर्षं कम्युनिकेशन शिकणाऱ्या मुलीला हे झेरॉक्सच्या दुकानात कळावं, यावर आमच्या खोलीत बराच वेळ हसणं झालं.

त्याच काळात एकदा दुपारी गेले तर शटर अर्धं खाली. शेजारच्या शाळेत बोर्डाचं केंद्र आहे. ११ फेब्रुवारीला बारावी सुरू झाली, २१ ला दहावी. कॉपीच्या भीतीनं पेपराच्या वेळी केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लावतात. म्हणजे मायक्रो न करणाऱ्या माणसाचंही दुकान बंद! मी दहावीच्या दोन मुलींची शिकवणी घेते, त्यांच्या सराव पेपरांसाठी मला त्या पंधरवड्यात लक्ष्मी रोडपर्यंत पायपीट करावी लागली. यात दुकानाचा दोष नाही, पण तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा. एरवीही दीड ते चार बंदच असतं. पुण्याच्या दुपारवरचे विनोद मला पाठ आहेत, पण प्रॅक्टिकल एकला संपतं, मेसमध्ये जेवून यावं तर कुलूप, ही खरी अडचण आहे.

३० मार्चला पाडवा होता, त्या मुहूर्तावर नवं रंगीत मशीन आलं. झेंडूची माळ, स्वस्तिक, काकूंनी आम्हा तिघींना पेढा दिला. मशीननं पहिल्याच आठवड्यात कागद खाल्ले. काका वैतागले होते, म्हणून मी थोडं ज्ञान पाजळलं: टोनर म्हणजे शाई नाही, बारीक पूड, स्थिर विजेच्या जोरावर ती ड्रमला चिकटते, कागदावर उतरते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून बसते. त्या उष्णतेनं कागद कोरडा होऊन वाकतो, म्हणून पाठपोट काढताना दुसऱ्या फेरीला अडकतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो. म्हणून मी पहिली बाजू काढून गठ्ठा उलटा करून, वर वजन ठेवून दहा मिनिटं थांबतो. तुम्हाला घाई असते, तुम्ही थांबत नाही." हे ते गेली कित्येक वर्षं करत असणार. मी ज्ञानाचा गठ्ठा परत पिशवीत भरला.

आता तक्रार. कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये आधार कार्डांचा खच पडलेला असतो. कुणाचं पॅन, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाची मार्कशीट. आपली फाइल शोधताना दहा अनोळखी चेहरे दिसतात, म्हणजे आपलाही चेहरा दुसऱ्या कुणाला दिसत असणार. मी माझ्या फाइल पुसायला सांगितल्या. काकांनी लगेच पुसल्या, पण रिसायकल बिनमध्ये तशाच होत्या. तिथूनही काढा म्हटल्यावर त्यांना मी जरा जास्तच करतेय असं वाटलं. माझ्या मते नाही करत. काका, रोज रात्री दुकान बंद करताना ते फोल्डर रिकामं करा, एवढंच मागणं आहे. जाणाऱ्यांनी ओळखपत्रं पेनड्राइव्हवर न्यावीत आणि समोर पुसून घ्यावीत. शिवाय काउंटरवर नंबर लावायची पद्धत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. एप्रिलच्या सबमिशनमध्ये, सगळं कॉलेज जर्नलची पहिली पानं आणि इंडेक्स काढायला लोटतं तेव्हा, मी तिथं पाऊण तास उभी होते आणि माझ्या मागून आलेले चौघं काम उरकून गेले.

माझी रूममेट लॉ करते. पुस्तकांच्या झेरॉक्सवरून मी एकदा काकांना "हे चालतं का हो?" म्हणाले, तर तिनंच परस्पर उत्तर दिलं: दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला, शिकवण्यासाठी लागणाऱ्या भागांचे संच काढायला कायद्यात जागा आहे. काका खूश झाले. पण अख्खं पुस्तक काढून द्यायला त्यांनी त्या दिवशीही नकार दिला. "अप्पा बळवंत चौकात जुनं मिळेल, तिकडं जा," म्हणाले. गेले. मिळालं.

आणि मे महिन्यातलं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट. आमचा प्रोजेक्ट सीताफळाच्या बागेसाठी मातीचा ओलावा बघून ठिबक चालू-बंद करणारा. ७२ पानं, त्यातली १२ रंगीत, पाच प्रती. फॉरमॅट अर्थातच सीनिअरच्या फाइलवरून उचललेला. पहिली प्रत निघत होती, मी बाकावर बसून ओरलचे प्रश्न पाठ करत होते. मशीन थांबलं.

"बार्शी," काकांनी हाक मारली. एव्हाना ते मला गावाच्याच नावानं हाक मारायला लागले होते. "सीताफळाला हजेरी लावता का तुम्ही?"

पान ४१. वरच्या हेडरमध्ये सीनिअरच्या प्रोजेक्टचं नाव: चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा. चौथ्या प्रकरणापासून शेवटपर्यंत प्रत्येक पानावर तेच. आम्ही तिघींनी, गाइड सरांनीही, तीनदा वाचलेला रिपोर्ट. मी तिथंच उभ्या उभ्या फाइल दुरुस्त केली. फुकट गेलेल्या पानांचे पैसे काकांनी लावले, आणि लावायलाच हवेत. बांधणी ते दुसरीकडून करून आणतात, प्रतीला २२०, सोनेरी अक्षरं, दोन दिवस. दोन म्हणजे तीन धरा. सह्यांचं सर्टिफिकेट आधी वेगळं काढून सह्या घेऊन या आणि मग बांधायला द्या. हे मला काकूंनी सांगितलं नसतं तर बांधलेली पाच पुस्तकं घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसले असते.

एंडसेमचं, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेचं, हॉलतिकीट काढलं त्या दिवशी सर्व्हर बंद म्हणून पैसे गेलेच नाहीत. "राहू दे, वहीत लिहितो," म्हणाले. वहीत 'बार्शी' या नावापुढं ४ रुपये आहेत. परवा सामान बांधलं की देऊन जाईन. दीडच्या आत गाठायला हवं.