घरच्या गॅरेजसाठी पहिलं वेल्डिंग मशीन: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

मशीनच्या पुढच्या पॅनलवरचा मायनसचा सॉकेट जळला. आतलं सर्किट, पंखा, डिस्प्ले सगळं धडधाकट आहे. अर्थिंगची, म्हणजे जोडायच्या लोखंडाला चिमट्याने लावायची केबल जिथे पीळ देऊन बसवतो तो पितळी सॉकेट काळा पडला आणि त्याभोवतीचं प्लास्टिक वितळलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं: केबल, होल्डर, क्लँप आणि कनेक्टर वॉरंटीत येत नाहीत. केबलच्या टोकाचा कनेक्टर वॉरंटीबाहेर, हे मान्य. पण पॅनलला नटाने आवळलेला, आतून थेट बसबारला (करंट नेणाऱ्या धातूच्या पट्टीला) जोडलेला सॉकेट सुटा सामान कसा होतो? बराच वाद झाला, दुरुस्तीचं वेगळं बिल सांगितलं गेलं, शेवटी मशीन परत आणलं आणि कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला मिळालेला सॉकेट बसवून घेतला. म्हणून आधी सॉकेटबद्दल आणि मशीनसोबत आलेल्या केबल-चिमट्याबद्दल लिहितो. मशीनबद्दल त्यानंतर.

मशीन साधं आहे: 200 अँपिअरचं सिंगल फेज आयजीबीटी इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक सर्किटने वेल्डिंगचा करंट तयार करणारं हलकं मशीन), फक्त रॉडचं. सोबत दोन-दोन मीटरच्या केबली, होल्डर आणि पत्र्याचा अर्थिंग चिमटा. अशा बहुतेक मशीनसोबत हाच संच येतो आणि त्यातला चिमटा ही सगळ्यात वाईट वस्तू असते. पातळ पत्रा दाबून केलेले दोन जबडे, मध्ये स्प्रिंग. केबल जोडलेली असते एकाच जबड्याला. दुसऱ्या जबड्याकडे करंट जायला तांब्याची विणलेली पट्टी हवी, ती नसते. मग करंट मधली खीळ आणि स्प्रिंग यांतून वाट काढतो. स्प्रिंग तापते, ताण सोडते, पकड ढिली होते, ढिल्या पकडीमुळे आणखी तापते.

आकडा मांडला की गांभीर्य कळतं. चिमट्याच्या जोडात फक्त 10 मिलिओहम रोध धरा. दहा नंबरच्या रॉडला (नंबर जितका मोठा तितका रॉड बारीक) 130 अँपिअर लावले की त्या जोडात 1.3 व्होल्ट पडतात आणि जवळपास 170 वॅट उष्णता तयार होते, तीही बोटभर जागेत. केबलच्या टोकाच्या कनेक्टरचं तेच. केबल पितळी कनेक्टरात एका ॲलन स्क्रूने दाबलेली असते. वरून तांब्यासारखी दिसणारी ही तार बऱ्याचदा आतून ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, जोड सैल होतो आणि उष्णता सरळ पॅनलच्या सॉकेटात शिरते.

हा रोग लवकर दिसत नाही. इन्व्हर्टर ठरलेला करंट धरून ठेवतं. बाहेर रोध वाढला तर ते आपणहून व्होल्ट वाढवून भरपाई करतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर चिमटा खराब झाला की आर्क (रॉडच्या टोकाची ज्योत) मलूल व्हायचा आणि माणूस चिमटा घासायचा. इथे वेल्डिंग बऱ्यापैकी चालूच राहतं आणि जोड आतून भाजत राहतो. कधीतरी आर्क मध्येच तुटतो, रॉड विनाकारण चिकटतो, आणि दोष रॉडला किंवा हाताला दिला जातो.

तपासायचं कसं? घरी मल्टिमीटर असला की पुरे. डीसी व्होल्टवर लावा. एक टोक चिमट्याच्या केबलच्या लगला (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या तुकड्याला), दुसरं जॉबच्या, म्हणजे जोडायच्या वस्तूच्या, उघड्या लोखंडाला. दुसऱ्याने वेल्डिंग मारत राहावं, आपण आकडा बघावा. 100 अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो जोड 50 वॅट खातोय. तसंच कनेक्टर आणि सॉकेटचं. दोन रॉड सलग जाळून मशीन बंद करा आणि कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्याच दिवशी उघडा.

उपाय फार महाग नाही. 300 अँपिअरचा पितळी किंवा ओतीव, स्क्रूने आवळायचा अर्थ क्लँप घ्या. स्प्रिंगचाच हवा असेल तर दोन्ही जबड्यांना जोडणारी तांब्याची पट्टी आहे का ते दुकानातच उघडून पाहा. केबल 25 चौरस मिलिमीटरची खऱ्या तांब्याची वेल्डिंग केबल, अर्थिंगला 3 आणि होल्डरला 5 मीटर. टोकाला लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोडीने चेपलेला लग चालणार नाही. कनेक्टर घेताना खिळीचा व्यास जुळवा. छोट्या मशीनला 9 मिलिमीटरची खीळ येते, मोठ्याला 13 ची, आणि दुकानात दोन्ही एकाच बरणीत असतात. बसवताना घड्याळाच्या दिशेने घट्ट पिळा. अर्धवट पिळलेला कनेक्टर हेच सॉकेट जळण्याचं नेहमीचं कारण.

क्लँप कितीही चांगला असला तरी रेड ऑक्साइडवर लावला तर उपयोग नाही. नव्या अँगलवरची निळसर-काळी मिल स्केलसुद्धा रोध करते. रुपयाएवढी जागा ग्राइंडरने पांढरी करा, तिथे लावा आणि वेल्डिंगच्या जवळ लावा. गेटचं काम असेल तर चौकटीला क्लँप लावून फळीवर वेल्डिंग मारू नका, करंट बिजागरीतून जातो. ट्रॅक्टर ट्रॉलीचा हूक जोडताना ट्रॉली सोडवून घ्या आणि क्लँप हूकजवळ लावा. नाहीतर चाकाच्या बेअरिंगमधून करंट जाऊन गोळ्यांवर खड्डे पडतात आणि ते पुढच्या उसाच्या हंगामात आवाज करायला लागतात.

आता मशीन. सांगली-मिरज पट्ट्यात घरासाठी पहिलं मशीन घेणाऱ्यासमोर तीन वाटा असतात. ट्रान्सफॉर्मरचं जुनं मशीन अमर असतं, पण त्यातली बरीच दोन फेजवर चालतात आणि उचलायला दोन माणसं लागतात. सिंगल फेज घरात त्याचा विचार सोडा. बिनगॅसच्या तारेचं मिग (रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन) पातळ पत्र्याला सोपं जातं, पण तार महाग, लायनर (तार जाते ती नळी) आणि टोकाच्या टीपचा खर्च चालू, आणि उघड्यावर ठेवलेल्या रिळावर पावसाळ्यात गंज धरतो. अँगल, स्क्वेअर पाइप, शिडी, स्टँड, शेडचे कैचे एवढंच करायचं असेल तर रॉडचं इन्व्हर्टर घ्या.

खोक्यावरच्या 200 ला भुलू नका, मागची पाटी वाचा. 200 अँपिअरला आर्क साधारण 28 व्होल्टवर चालतो, म्हणजे 5.6 किलोवॅट बाहेर यायला हवेत. पाटीवर इनपुट 4 केव्हीए लिहिलं असेल तर ते मशीन 200 देऊच शकत नाही. दुसरं, ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन न थांबवता किती चालवता येतं. 10 मिनिटांतली किती मिनिटं, आणि तो आकडा 40 अंशांवर मोजलेला आहे का, हे पाहा. 200 ला 20 टक्के लिहिलं असेल तर सलग चालणारा करंट 89 अँपिअर; 60 टक्के असेल तर 155. आता हिशोबाची दुसरी बाजू: 20 टक्केवालं मशीनसुद्धा 130 अँपिअरला 47 टक्के चालतं. रॉड बदलणं, स्लॅग (वेल्डिंगवरची खपली) झाडणं, ब्रश मारणं यात घरच्या कामात अर्ध्याहून जास्त वेळ जातो. म्हणून खरं 160 देणारं मशीन खोट्या 250 पेक्षा चांगलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली थर्मल लाइट (मशीन जास्त तापल्याची खूण) लागली ती फक्त दहा नंबरचे रॉड सलग जाळताना.

वायरिंगकडे दुर्लक्ष करून मशीनला शिव्या देणारे पुष्कळ. 100 अँपिअर वेल्डिंगला लाइनमधून 17-18 अँपिअर जातात, 150 ला 28 च्या आसपास. म्हणजे 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवर बारा नंबर रॉड निवांत, दहा नंबर त्याच्या मर्यादेपलीकडे. गॅरेजसाठी मेन बोर्डावरून 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन, 32 अँपिअरचा सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सहन करणारा) एमसीबी आणि 32 अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट करून घ्या. बिलावरचा मंजूर भारही बघा. 1 चौरस मिलिमीटरच्या 30 मीटर एक्स्टेंशनवर 18 अँपिअरला 20 व्होल्ट वाटेतच जातात. रीळ गुंडाळलेलं ठेवून वेल्डिंग मारलं तर आतले फेरे एकमेकांना चिकटतात. कायद्याने व्होल्टेज 230 च्या सहा टक्के खाली-वर असायला हवं, पण तासगाव-कवठेमहांकाळकडे वस्तीवरच्या घरात संध्याकाळी 190 च्या खाली जाणं नवीन नाही. कमी व्होल्टला मशीन तेवढंच वेल्डिंग द्यायला लाइनमधून जास्त करंट ओढतं. प्लग काळा पडतो तो अशा संध्याकाळी.

रॉड 6013 प्रकारचे घ्या, दुसरं काही नको. 16 गेजच्या स्क्वेअर पाइपला बारा नंबर, 55 ते 65 अँपिअर, होल्डर मायनसला आणि अर्थिंग प्लसला; त्याने भोक पडायचं प्रमाण कमी होतं. 18 गेजला चौदा नंबर रॉड, 40 ते 50, आणि सलग ओढण्याऐवजी तुटक टाके. 5 मिलिमीटरच्या अँगलला दहा नंबर, 110 ते 125. चौकटीचे चारही कोपरे आधी टॅक करा (छोटा टाका मारा), कर्ण मोजा, मगच समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने वेल्डिंग द्या. एक कोपरा पूर्ण भरला की चौकट तिकडे ओढली जाते आणि मग ती सरळ होत नाही. आतल्या कोपऱ्यात आर्क एका बाजूला पळत असेल तर करंट बदलण्याआधी अर्थिंगची जागा बदला.

इथे मत बदललं ते रॉड पेटवताना क्षणभर जादा करंट देणाऱ्या हॉट स्टार्टच्या बटणाबद्दल. सुरुवातीला ते विक्रीसाठी लावलेलं शोभेचं बटण वाटलं होतं. जाड अँगलवर थंड रॉड पहिल्या घासात पेटतो तो त्याच्यामुळेच. बंद करून पाहिलं की फरक लगेच कळतो. मात्र पातळ पाइपवर ते शून्यावर आणा. सुरुवातीच्या क्षणाचा जादा करंट तिथेच भोक पाडतो, आणि नवशिक्याला वाटतं आपला हात चुकला. आर्क फोर्सही (रॉड चिकटू लागला की करंट वाढवणारी सोय) पातळ कामाला कमी ठेवा.

पावसाळ्यानंतरची भर. उघड्या पुड्यातल्या रॉडवर ओल धरली, बीडवर (वेल्डिंगच्या रेषेवर) सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली आणि फडफड आवाज येऊ लागला. 6013 साधारण 110 अंशांवर तासभर वाळवले की पूर्ववत होतात. जुना ओव्हन फक्त याच कामाला ठेवा, त्यात पुन्हा खाणं शिजवू नका. फ्लक्सवर (रॉडवरच्या लेपावर) पांढरी बुरशीसारखी पूड आली असेल किंवा फ्लक्स सुटत असेल तर तो पुडा टाका. उरलेले रॉड झाकणाच्या डब्यात. मशीनसाठी ओलीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे ग्राइंडरची धूळ. पंखा ती आत ओढतो, ती लोखंडाची असते, कार्डावर बसते आणि दमट हवेत शॉर्ट करते. ग्राइंडरच्या ठिणग्यांची दिशा मशीनच्या उलट ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी कव्हर उघडून 2 ते 3 बार कोरडी हवा मारा. कव्हर उघडण्याआधी प्लग काढून किमान 10 मिनिटं थांबा, कारण आतल्या कॅपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी बसलेले असतात.

द्राक्षबागेच्या मांडवाचे जीआय पाइप आणि अँगल जोडणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जस्ताचा थर दोन्ही बाजूंनी इंचभर घासून काढा, मोकळ्या हवेत बसा आणि वारा पाठीकडून किंवा बाजूने येऊ द्या. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जोड झाल्यावर घासलेल्या जागेला झिंकचा रंग लावा, नाहीतर पहिल्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो. मशीनसोबत आलेल्या हातातल्या काचेऐवजी ऑटो डार्क हेल्मेट घ्या, 60 ते 130 अँपिअरला काचेची शेड (काळेपणाचा नंबर) 10 किंवा 11.

मशीनला पाचपैकी चार. सोबतच्या केबल-चिमट्याला शून्य. आणि वॉरंटीच्या कागदाबद्दल: खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या की पॅनलचे सॉकेट मशीनच्या वॉरंटीत आहेत. तो लिहून देत नसेल तर दुसऱ्या दुकानात विचारा. सॉकेट स्वतः बदलायची वेळ आलीच तर आतल्या बसबारचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने चमकवा, स्प्रिंग वॉशर परत टाका, बोल्ट आवळताना पॅनलबाहेरचा सॉकेट पान्याने धरून ठेवा म्हणजे फिरून बसबार वाकणार नाही, आणि पहिले दोन रॉड जाळल्यावर थंड होऊ देऊन एकदा पुन्हा आवळा.