घडीची व्हीलचेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही हाताने ढकलायची, घडी होणारी व्हीलचेअर विकत घेतली, त्याला आता आठ महिने झाले. मागची चाके २४ इंची व हवेची, पुढची ८ इंची व भरीव रबराची, वजन सुमारे १८ किलो आणि किंमत साडेनऊ हजार रुपये. घरातल्या वापराबाबत तक्रार नाही. बैठक ऐसपैस आहे आणि घडी केल्यावर खुर्ची गाडीच्या डिकीत मावते. घराबाहेर मात्र तिचे दोष एकेक करून समोर आले.

आमच्या इमारतीच्या दारातल्या दोन पायऱ्यांची उंची मिळून १३ इंच आहे आणि त्यांवर केलेला उतार जेमतेम ५ फूट लांब. एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, या मान्य प्रमाणाने तो १३ फूट हवा होता. अशा उतारावरून खुर्ची सरळ तोंडाने नेली तर आई पुढे घसरते, म्हणून मी खालच्या बाजूला राहून, खुर्चीची पाठ माझ्याकडे ठेवून, मागे पाहत एकेक पाऊल उतरते. मध्येच एकदा किल्ली काढण्यासाठी ब्रेक लावून थांबले, तर आई शांतपणे म्हणाली, "अगं, मी निघाले बघ." चाक खरोखरच सरकत होते. या खुर्चीचा ब्रेक थेट टायरवर दाबला जातो, त्यामुळे हवा कमी झाली की त्याची पकड सुटते, आणि सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. आता दर रविवारी सायकलच्या पंपाने हवा भरते आणि उतारावर ब्रेकच्या भरवशावर हात सोडत नाही.

फूटपाथवर चढवताना मागे खाली आलेल्या पाइपवर पाय दाबून, मुठी खाली ओढून पुढची चाके उचलावी लागतात. ती कडेवर टेकली की मागची चाके कडेला भिडवून खुर्ची वर ढकलायची. या खुर्चीचा तो पाइप आखूड आहे, आणि त्याचे रबरी टोपण पहिल्याच महिन्यात पडल्यामुळे चप्पल त्यावरून सटकते. उतरताना पुन्हा पाठमोरे, मागची दोन्ही चाके एकाच वेळी खाली टेकवत.

सर्वांत गंभीर दोष एका मंगल कार्यालयाच्या सात पायऱ्यांवर कळला. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करून मी वरून मुठी ओढत होते आणि भाऊ खालून सांगाडा धरून होता; चौथ्या पायरीवर उजवी रबरी मूठ फिरली आणि निम्मी माझ्या हातात आली. भावाने निघणारी पायपट्टी किंवा हातटेकू न धरता सांगाड्याचा पक्का पाइप धरला होता, म्हणूनच आम्ही सावरलो. विक्रेत्याने मुठी वॉरंटीत बसत नसल्याचे सांगून हात झटकले. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने नव्या मुठी चिकटवून, तारेने आवळून दिल्या, त्या अजून हललेल्या नाहीत.

सपाट जागी वापरायची असेल तर या किमतीत खुर्ची घेण्यासारखी आहे. पायऱ्या आणि फूटपाथ रोजचेच असतील, तर मुठी पिळून आणि मागचा पाइप पायाने दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्ही ती घेतली त्या दुकानाच्या दारातही एक पायरी होती, पण खुर्ची तिच्यावर चढवून पाहण्याचे मला सुचले नाही.