लर्चर की बुल टेरिअर? आधी कुंपण मोजा

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका ओळखीच्या जोडप्याचा फोन आला. दोघंही नोकरीला, मुलगी आठ वर्षांची, घर स्वतःचं, मागं लहानसं आवार. शेल्टरमध्ये जाऊन दोन कुत्री बघून आले होते. एक करडी, लांबुळक्या तोंडाची लर्चर, दुसरा तपकिरी, छातीनं भरलेला स्टॅफी, म्हणजे बुल टेरिअरचाच एक प्रकार. "दादा, कुठलं घेऊ?" मी विचारलं, "कुंपण किती उंच आहे?" त्यांना वाटलं, मी विषय टाळतोय.

या दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांचा मला रोजचा अनुभव आहे. लिंकनशायरच्या सपाट मुलखात राहून बारा वर्षं झाली. सुतळी ही माझी लर्चर: ग्रेहाउंड आणि कॉली (मेंढरं राखणारं कुत्रं) यांचा संकर, वय आठ, वजन सव्वीस किलो. बत्ता हा मेहुण्याचा स्टॅफी. मेहुणा भारतात गेला की बत्ता आमच्याकडं. एकदा तर पाच महिने होता. शिवाय माझं लहानपण जत तालुक्यातलं. आजोबांकडं कारवान जातीची कुत्री होती, त्यामुळं नजरेनं शिकार करणारं कुत्रं म्हणजे काय, हे इथं येऊन शिकावं लागलं नाही.

माझा अनुभव एवढाच सांगतो की दिवसातले तेवीस तास एकोणसाठ मिनिटं ही दोन्ही कुत्री सारखीच असतात. सोफ्यावर आडवी. फरक पडतो तो उरलेल्या मिनिटातल्या वाईटातल्या वाईट दहा सेकंदांत. त्या दहा सेकंदांत लर्चर तुमच्यापासून दीडशे मीटर लांब असते. बुल टेरिअर तुमच्या हातातल्या पट्ट्याच्या टोकाला असतो, आणि समोर दुसऱ्या कुणाचं तरी कुत्रं असतं. यातलं कुठलं संकट तुम्हाला निभावता येईल, ते ठरवा. रंग, डोळे, फोटो हे सगळं नंतर.

आधी ही आहेत तरी काय? लर्चर ही जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलूकी, डिअरहाउंड असं एखादं पळणारं रक्त आणि त्यात कॉली, बेडलिंग्टन टेरिअर असं काहीतरी कामाचं. म्हणून एक लर्चर बारा किलोची तर दुसरी तीसची. घेताना "आई कोण, बाप कोण" हे विचाराच. कॉलीचं रक्त असेल तर डोकं चालतं, ऐकते, पण घरात रिकामी बसली की काहीतरी उद्योग काढते. सलूकीचं असेल तर मैलभर पळेल आणि तुमच्या हाकेकडं फक्त माहितीसाठी लक्ष देईल. नवख्यानं सलूकीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुल टेरिअर म्हणताना लोक दोन कुत्र्यांची गल्लत करतात. अंड्यासारख्या तोंडाचा, तिरक्या बारीक डोळ्यांचा तो इंग्लिश बुल टेरिअर. १८६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सनं तो घडवला. ठेंगणा, रुंद जबड्याचा तो स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, म्हणजे स्टॅफी. त्याला केनेल क्लबची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेची मान्यता १९३५ मध्ये मिळाली. नर स्टॅफी साधारण तेरा ते सतरा किलोंचा. दोघांचेही पूर्वज बैलाच्या आणि कुत्र्यांच्या झुंजींसाठी पाळले जात. त्या झुंजींवर ब्रिटनमध्ये १८३५ मध्येच कायद्यानं बंदी आली, पण रक्तात जे उतरलं ते कायदा वाचत नाही. माणसांवर प्रचंड माया, आणि दुसऱ्या कुत्र्यानं आव्हान दिलं तर मागं न हटणं, दोन्ही त्यातूनच आलं. एक अफवा मात्र सोडून द्या: यांच्या जबड्याला कुलूप वगैरे काही नसतं. हाडांची रचना इतर कुत्र्यांसारखीच. सोडायचं नाही हे ते ठरवतात, एवढंच.

शिकवणं

लर्चरला शिकवायच्या गोष्टी दोनच: परत येणं आणि मेंढीकडं न बघणं. बाकी बस, ऊठ, हात दे हे शिकली नाही तरी बिघडत नाही. सुतळी दहा आठवड्यांची असल्यापासून शिट्टीच्या दोन फुंकरी म्हणजे जेवण, असं समीकरण बसवलं. वाटी खाली ठेवायच्या आधी शिट्टी, प्रत्येक वेळी. चार महिन्यांनी बाहेर दहा मीटरच्या दोरीवर तेच. वर्षभर दोरी सोडली नाही. लोक हसले. पण पाठलागाची चटक पहिल्या सशालाच लागते, आणि एकदा ती लागली की शिट्टी ऐकू येते पण पोचत नाही. मेंढ्यांसाठी शेजारच्या शेतकऱ्याच्या परवानगीनं आम्ही कुंपणाबाहेरून, आखूड पट्ट्यावर, रोज नुसतं चालायचो. मेंढीकडं पाहून माझ्याकडं पाहिलं की चिकन. तीन महिने. इथं मेंढ्यांमागं लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्यानं गोळी घातली तर ठरावीक परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो, हे लक्षात असू द्या.

बत्त्याचं गणित उलटं. परत येणं हा त्याचा प्रश्नच नव्हता. तो लांब जायचाच नाही. त्याला शिकवायचं होतं "सोड". दोरीचा तुकडा घेऊन ओढाओढी खेळायची, मध्येच हात ढिला करून थिजल्यासारखं उभं राहायचं, त्यानं तोंड उघडलं की तत्क्षणी पुन्हा खेळ सुरू. सोडलं की खेळ संपत नाही, उलट चालू राहतो, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं आणि काम सोपं झालं. पाच-पाच मिनिटांच्या वर शिकवू नका. कंटाळला की पाठ करून झोपतो. मारझोड, गळपट्ट्याचे झटके तर मुळीच नकोत. एका ओळखीच्या गृहस्थानं "दाखवतो याला मालक कोण" हा प्रयोग आपल्या बुल टेरिअरवर केला. वर्षानं ते कुत्रं हात वर उचलला की गुरगुरायला लागलं.

दुसरं म्हणजे वय. पिल्लू असताना बुल टेरिअर सगळ्या कुत्र्यांशी खेळतो आणि मालक निर्धास्त होतो. दीड-दोन वर्षांचा झाला की हळूहळू बदलतो. आधी कान, मग शेपूट, मग तो समोरच्याकडं टक लावून थिजतो. हे थिजणं ओळखता आलं पाहिजे. त्या क्षणी वळून दुसरीकडं चालू लागायचं, "काही करत नाही हो आमचा" म्हणत उभं राहायचं नाही. बागेत पट्टा सोडायचा तर तोंडाला जाळी, हा मेहुण्याचा नियम. आधी त्याला लाज वाटायची. आता वाटत नाही.

अंगावरचं

इथं दोघांत सगळ्यात मोठा फरक आहे आणि शेल्टरवाले याबद्दल फारसं बोलत नाहीत.

लर्चरची कातडी कांद्याच्या सालीसारखी. सुतळी तीन वर्षांची असताना काटेरी तारेखालून गेली आणि मांडीवरची कातडी वहीचं पान फाटावं तशी लोंबली. रक्त फारसं नाही, पण आतला स्नायू दिसत होता. मिठाच्या पाण्यानं धुतलं, ओलं स्वच्छ कापड वर बांधलं आणि गाडी काढली. टाके अकरा. अशा वेळी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कुत्रं ग्रेहाउंडच्या रक्ताचं आहे. या कुत्र्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसते आणि भुलीची काही जुनी औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. आजचे डॉक्टर हे जाणतात, तरी सांगायचं. रोज पळून आल्यावर पायाच्या बोटांमधून हात फिरवा. निखळलेलं बोट, तुटलेलं नख, पंजाच्या गादीत रुतलेला काटा. लंगडण्याची वाट बघू नका. ही कुत्री पळताना दुखणं विसरतात आणि रात्री आठवतात. पळायच्या आधी आणि लगेच नंतर पोटभर जेवण नको. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळं साधा गळपट्टा मागं सरकला की निसटतो. चार बोटं रुंद, मधे फुगलेला पट्टा घ्या. आणि हिवाळ्यात स्वेटर. आईला पहिल्यांदा फोनवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "शिकारी कुत्र्याला स्वेटर? तुझे आजोबा असते तर!"

बुल टेरिअरचं बाहेरून काही बिघडत नाही, आतून बिघडतं. पिल्लू घेणार असाल तर आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागा. स्टॅफीत वंशपरंपरेनं येणारा मोतीबिंदू आणि एल-टू-एचजीए हा मेंदूचा आजार, दोन्हींसाठी डीएनए तपासणी असते. इंग्लिश बुल टेरिअरमध्ये मूत्रपिंड आणि हृदय. पांढऱ्याशुभ्र पिल्लांत बहिरेपणाचं प्रमाण रंगीत पिल्लांपेक्षा बरंच जास्त. एका कानानं बहिरं असेल तर घरी कळतही नाही, त्यासाठी कानांची बेअर चाचणी करून घ्यावी लागते. दोन्ही जातींना त्वचेची ॲलर्जी लवकर होते. बत्ता उन्हाळा लागला की पंजे चाटून चाटून लाल करतो. आणि वजन! लर्चरच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर ते आरोग्य. स्टॅफीच्या बरगड्या हाताला लागत नसतील तर ते लाड.

दोन्ही एकत्र ठेवायची हौस असेल तर जपून. बत्ता प्रेमानंच अंगावर आदळतो, पण त्या प्रेमात सुतळीच्या खांद्याला दोनदा खोक पडली.

काम म्हणजे नक्की काय काम

"वर्किंग" हा शब्द जाहिरातीत वाचून आपल्या लोकांचे डोळे चमकतात, म्हणून सांगतो. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. ज्या वॉटरलू कपमध्ये १८३६ पासून खरगोशांमागं ग्रेहाउंड सोडत, ती स्पर्धाही त्याच महिन्यात शेवटची झाली. सूट आहे ती उंदीर आणि बिळातल्या सशांना, तीही जमीनमालकाच्या परवानगीनं. इथं मराठीची पंचाईत होते, कारण आपण दोघांनाही ससाच म्हणतो. बिळात राहणारा रॅबिट चालतो. उघड्या रानात राहणारा, लांब कानांचा हेअर, म्हणजे खरगोश, चालत नाही. लिंकनशायरमध्ये पिकं निघाली की खरगोशांमागं कुत्री सोडणाऱ्या टोळ्या येतात आणि पोलिसांची त्यांच्यासाठी 'ऑपरेशन गॅलिलिओ' नावाची मोहीम चालते. २०२२ पासून शिक्षाही कडक झाली. सुतळीला गाडीत घेऊन जाताना मला दोनदा थांबवलं. शेतकऱ्याची परवानगीची चिठ्ठी गाडीत ठेवतो, ती दाखवली की विषय संपतो.

आमचं काम कोबीच्या शेताच्या बांधावर. शेजारी फेरेट आणतो, मुंगसासारखं लांबट जनावर. सुतळी बिळाबिळावरून फिरते, एखाद्या तोंडाशी मान तिरकी करून उभी राहते. तिथं ससा आहे. ती पुढं गेली तर बीळ रिकामं. जाळ्या लावून फेरेट आत सोडायचा आणि मग पंधरा मिनिटं पूर्ण शांतता. कुत्री श्वाससुद्धा मोजून घेते. यासाठी लर्चरच हवी. बुल टेरिअर त्या पंधरा मिनिटांत स्वतःच बीळ उकरायला घेईल. उंदरांवर मात्र बत्ता छान चालतो. कोंबड्यांच्या खुराड्याखाली एका दुपारी त्यानं नऊ उंदीर मारले. तरी निव्वळ उंदरांसाठी कुत्रं घ्यायचं तर जॅक रसेल किंवा बॉर्डर टेरिअर घ्या. आणि लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची लस चुकवू नका.

कागद आणि शेजारी

स्टॅफी आणि इंग्लिश बुल टेरिअर, दोन्ही ब्रिटनमध्ये कायदेशीर आहेत. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज कायद्यात पिट बुल बंद आहे, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली हे थोराड कुत्रं ठेवणं इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा. घोळ असा की हे ठरतं ते आईबापांवरून नाही, दिसण्यावरून, मोजमापांवरून. म्हणून ऑनलाइन जाहिरातीतला "स्टॅफी क्रॉस, मोठ्या हाडाचा" स्वस्तात मिळतो तेव्हा हात आखडा. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला आणि विमा कंपनीला जातीचं नाव आधी सांगा. लर्चरला कुणी विचारत नाही.

राखणीचं विचाराल तर दोघांचाही उपयोग नाही. आजोबांची कारवान परक्याला वस्तीच्या शंभर पावलांत येऊ देत नसे. सुतळी चोराला रस्ता दाखवेल, बत्ता त्याच्या मांडीवर बसेल. भारतातून विचारणाऱ्यांना मी सरळ सांगतो, लर्चरच्या मागं लागू नका. पळणारं कुत्रं हवं तर कारवान आहे. फक्त तिथं सशामागं सोडायचं नाव काढू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

स्वयंपाकघरात मात्र लर्चर जड जाते. तिचं नाक ओट्याच्या बरोबर उंचीवर. दिवाळीत सुतळीनं बेसनाचे सात लाडू खाल्ले, प्रत्येकावर बेदाणा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक, तेव्हा रात्री साडेदहाला डॉक्टरांकडं जाऊन उलटी करवली. स्टॅफी ओट्यापर्यंत पोचत नाही. तो खाली बसून तुमच्या सासूबाईंकडं बघतो, आणि सासूबाई स्वतःच्या हातानं भरवतात. परिणाम तोच, उशिरा.

मिल्टन कीन्सवाल्यांनी शेवटी टेप घेऊन कुंपण मोजलं. सव्वाचार फूट, आणि पलीकडच्या घरात दोन मांजरं. लर्चर उभ्या जागेवरून तेवढं सहज ओलांडते. तिला सहा फूट तरी हवं. नवं कुंपण घालायला शेजाऱ्याची तयारी नव्हती. गल्लीत कुत्री कमी, फिरायला रुंद रस्ता, आणि बाई म्हणाल्या, "तोंडाला जाळी घालायची मला लाज नाही." स्टॅफीला परवा घरी आणलं. त्याचं नाव काय ठेवायचं यावर तिघांचं अजून एकमत नाही. मुलीचा आग्रह 'खलबत्ता' आहे.