सागवान का डब्ल्यूपीसी? नांदेडच्या उन्हात दोन्ही वापरून सांगायलो

घरी डेक, म्हणजे गच्चीवर-पोर्चमध्ये पट्ट्यांची जमीन, टाकल्यापासून येणारा-जाणारा एकच विचारायलाय, लाकूड टाकायचं का ते प्लास्टिकवालं डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आमच्याकडं दोन्ही आहेत. वर उघड्या गच्चीवर डब्ल्यूपीसी आणि खाली पोर्चमध्ये, झोपाळ्याखाली, जुन्या सागवानाच्या फळ्या. माझं मत आधीच सांगतो, दिवसभर ऊन पडणाऱ्या जागी डब्ल्यूपीसी आणि डोक्यावर छत असेल तिथं लाकूड. यूट्यूबवाले एकच काहीतरी निवडा म्हणतात ते बळंच आहे, त्यांच्याकडं मे महिन्यात ४३ डिग्री नसतं.

आता डब्ल्यूपीसी घ्यायला जाल तर पहिली गंमत दुकानातच होते. आपल्याकडं डब्ल्यूपीसी म्हणलं की बहुतेक दुकानदार किचनच्या ट्रॉलीला आणि बाथरूमच्या दाराला लावतात ती शीट काढून दाखवतात. ती पीव्हीसीची फोम शीट असते, घरात एकदम भारी, पण उन्हात पायाखाली टाकायची वस्तू नाही ती. डेकची पट्टी वेगळी असते, त्यात निम्म्याच्या वर लाकडाचा भुसा आणि बाकी एचडीपीई म्हणजे कॅनच्या जातीचं प्लास्टिक, वर रंग नि केमिकल. मला एका दुकानदारानं तीच फोम शीट "सर हीच बाहेरची क्वालिटी" म्हणून गळ्यात मारायचा लई प्रयत्न केला. ओळखायचं सोपं आहे, सॅम्पलचा तुकडा मागा आणि पाण्याच्या बादलीत टाका, डेकची पट्टी जड असते ती बुडते आणि फोमवाली तरंगते. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं.

डेकच्या पट्टीत पण दोन प्रकार. एक साधी, म्हणजे भुसा-प्लास्टिकचं मिश्रण वरपर्यंत तसंच, आणि दुसरी वरून प्लास्टिकचा पातळ थर चढवलेली, को-एक्स्ट्रुडेड म्हणतात. साधी स्वस्त पडते पण पहिल्या काही महिन्यांतच रंग उतरतो, आणि चहा सांडला, तेल सांडलं की डाग आत जातो, पोह्यातल्या हळदीचं तर नाव काढू नका. सावलीत, ओलीत साध्या पट्टीवर काळी बुरशी पण धरते, भुसा आहे ना शेवटी. आम्ही थरवाली घेतली आणि पैसे वसूल वाटले. आमच्या बोअरच्या पाण्यानं तिच्यावर पांढरे क्षाराचे डाग पडतात ते मात्र पडतातच, थोडं व्हिनेगर पाण्यात टाकून पुसलं की जातात.

आता उन्हाचं. हे कुणी कॅटलॉगमध्ये लिहीत नाही. डार्क ब्राऊन पट्टी मे महिन्यात दुपारी सहज ६० डिग्रीच्या पुढं तापते, चप्पल काढून पाऊल ठेवून बघा. लेकरं गच्चीवर अनवाणीच पळतात, त्यामुळं आम्ही फिक्कट राखाडी रंग घेतला, तरी दुपारी बारा ते चार कुणी फिरकत नाही आणि खरं तर कोब्यावर पण कोण फिरकतं त्या वेळेला? संध्याकाळी पाण्याचा एक सपका मारला की अर्ध्या तासात बसण्यासारखं होतं. रात्री बाज टाकून झोपायला एकदम निवांत. फक्त बाजेचे पाय बारीक असतात आणि पट्टी आतून पोकळ असली तर तेवढ्याच जागी सगळा भार येतो, वरचा पापुद्रा चिरू शकतो, म्हणून पायाखाली फळीचे तुकडे द्या. कूलर, पाण्याचे ड्रम, मोठ्या कुंड्या अशा जड वस्तू ठेवायच्या असतील तर सरळ भरीव पट्टीच घ्या.

दुसरं, उन्हानं ही पट्टी लांबीत वाढते. तीन मीटरची पट्टी पहाटेच्या थंडीपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर तरी लांब होते. थंडीत टोकाला टोक चिकटवून बसवली तर उन्हाळ्यात फुगून वर उठणारच. आमच्या फिटिंगवाल्या पोरानं नेमकं तेच चालवलं होतं, "गॅप ठेवली की कचरा जातो काका" म्हणायला. मी तिथंच उभा राहून सगळं परत काढायला लावलं. लाकडाचं याच्या उलट असतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळं तिथं फट बाजूनं ठेवायची.

लाकडाकडं येतो, खरं प्रेम माझं तिथंच आहे. सागवान घनफुटावर मिळतं. एका घनफुटातून एक इंच जाडीची बारा स्क्वेअर फूट फळी निघते, कागदावर. रंधा मारून, कडा काढून, गाठी टाळून त्यातला चांगला चौथा हिस्सा भुशात जातो. म्हणजे घनफुटाला साडेतीन हजार भाव धरला तर कागदावर स्क्वेअर फुटाला तीनशेच्या आत दिसणारी फळी मजुरी, स्क्रू, तेल धरून पाचशेच्या घरात जाते. थरवाली डब्ल्यूपीसी फ्रेम-फिटिंगसकट आम्हाला चारशेच्या आसपास पडली. त्यामुळं "लाकूड स्वस्त पडतं" म्हणणारा माणूस बहुतेक बाभळीचं म्हणत असतो.

आणि सागवान म्हणलं की सगळं एकसारखं नसतं. वाळवीला दाद देत नाही तो आतला गाभा, कडेचा पांढरा भाग वाळवी आवडीनं खाते. लवकर वाढवलेल्या झाडात हा पांढरा भागच जास्त असतो आणि पॉलिश मारलं की तो दिसत नाही, म्हणून फळी कोरी असतानाच बघून घ्या. किनवट-माहूरकडचा साग चांगलाच, पण कुणी "आपल्या शेतातला आहे, रात्रीतून आणून देतो" म्हणलं तर नादी लागू नका, स्वतःच्या शेतातला साग तोडायला पण वन खात्याची परवानगी लागते आणि वाहतुकीचा पास लागतो. पावती असलेलाच माल घ्या.

आम्ही नवीन घेतलंच नाही. आपल्याकडं जुनी माळवदाची घरं पडायलीत, त्यांच्या तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या अड्ड्यावर येतात. तसलं लाकूड घरात राहून राहून इतकं वाळलेलं असतं की नंतर वाकत नाही, पिळत नाही. भाव नव्याच्या निम्मा होता. त्रास एकच, त्यात खिळे असतात, आणि आरा मशीनवाला ते बघूनच नको म्हणतो, त्याचं पातं जातं. आमच्या सुतार मामांनी आधी सगळे खिळे उपसून दिले तेव्हा कुठं फळ्या पाडून मिळाल्या. रंधा मारल्यावर जो वास सुटला, आजी बाहेर येऊन म्हणली, आता घर घरासारखं वाटायलंय. प्लास्टिकच्या पट्टीला हे जमणार नाही.

पण तेच लाकूड उघड्या गच्चीवर? नको. साग उन्हानं राखाडी पडतो, त्याचं काही नाही, काहींना तो रंग आवडतो. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर एकदम पाऊस आला की वरून बारीक चिरा पडतात, दरवर्षी घासून तेल द्यावं लागतं आणि ते गच्चीभर करायला कुणाला वेळ आहे. पोर्चमध्ये वर्षातून एकदा तेल पुसलं की भागतं. तेलात कच्चं जवस वापरू नका, लवकर वाळत नाही आणि काळं पडतं, दुकानात पक्कं मिळतं ते घ्या. आणि तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, मस्करी नाही ही. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे ओघळ येतात.

वरच्या पट्टीपेक्षा खालची फ्रेम जास्त महत्त्वाची आहे, आणि कोटेशनमध्ये नेमकी तीच कापतात. पट्ट्यांखालचे सपोर्ट फुटाफुटावर पाहिजेत. आमच्या कोटेशनमध्ये दोन फूट लिहिलं होतं, स्वस्त दिसायला. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, दोन फुटांवर मधे झोळ येणारच. गच्चीत कोब्याला ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या खोलीत पाणी, सपोर्टखाली रबरी पॅड ठेवा. आणि सपोर्ट पाण्याच्या उताराच्या दिशेनंच टाका, आडवे टाकले की प्रत्येकामागं डबकं. एक-दोन पट्ट्या उचलता येतील अशा ठेवा, खाली कडुलिंबाचा पाला साचतो आणि आपल्याकडं पाला साचला की विंचू आलाच.

वॉरंटीवर जास्त भाळू नका. आमच्या कार्डावर वाळवी आणि सडणं एवढंच आहे, रंग उडणं नाही, मजुरी नाही, आणि फिटिंग चुकीचं निघालं तर काहीच नाही.

दुकानाला पाचपैकी तीन. माल चांगला, सॅम्पल द्यायला कुरकुर नाही, पण पट्ट्या फ्रेमला धरून ठेवणाऱ्या क्लिपा कमी पाठवल्या आणि उरलेल्या पाठवायला पंधरवडा लावला, फोन केला की "निघाली बगा गाडी". मालाला चार, पोर्चमधल्या सागाला पाच. घेणार असाल तर चार पट्ट्या जास्तीच्या आत्ताच घेऊन माळ्यावर टाका, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही आणि एखादी पट्टी बदलायची वेळ आली की तेव्हा सापडत नाही.