कुंडीत देवकापूस की शेतातली सरकी?

वातींसाठी घरी कापूस लावायचाय, पण देवकापूस लावू की यवतमाळच्या मामांकडची सरकी, म्हणजे शेतातल्या कापसाचं बी, असा प्रश्न एका वहिनींना पडलाय.

ऊन दोघांनाही भरपूर हवं, निदान सहा तास. सावलीच्या बाल्कनीत दोन्हींचा नाद सोडा.

खरा फरक आयुष्याचा. देवकापूस बहुवर्षायू झुडूप. माणसाच्या डोक्यावर जातं, म्हणून मोठा ड्रम किंवा अंगणच बरं. छाटत राहिलं की वर्षानुवर्षं बोंडं देतं. शेतातला कापूस एका हंगामाचा. जूनमध्ये टोबला की दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटू लागतात, मध्यम कुंडीत भागतं. पण तो बहुधा संकरित बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, असतो. त्याची सरकी पुन्हा लावली तर झाडं एकसारखी येत नाहीत. गुलाबी बोंडअळीही आता बीटीला जुमानत नाही.

मावा, पिठ्या ढेकूण दोन्हींवर येतात. निंबोळी अर्क फवारा. पाणी साचू देऊ नका.

खर्च? दोन्हीकडे किरकोळच.

अंगण असेल आणि रोजच्या वाती घरच्याच हव्या असतील तर देवकापूस. मुलांना फूल ते बोंड एकाच हंगामात दाखवायचं असेल तर सरकी.