द्राक्षपोळीत भांगेच्या बिया घातल्या, त्या पाकिटाचा अनुभव

ऑनलाइन मागवलेल्या सोललेल्या हेम्प सीड्सचं २५० ग्रॅमचं पाकीट आणि फळं वाळवायचा पाच ट्रेचा घरगुती ड्रायर, दोन्ही गेले दोन महिने वापरतेय म्हणून लिहितेय. हेम्प सीड म्हणजे भांगेच्याच झाडाच्या बिया. पाकीट घरात आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अगं शिवरात्रीला ठीक आहे, पोरांच्या डब्यात कशाला? त्यांचा प्रश्न बरोबरच होता, म्हणून मी आधी नीट वाचून काढलं. नशा आणणारं टीएचसी तयार होतं फुलोऱ्यात आणि पानांवरच्या चिकट भागात, बीच्या आत होत नाही, सालीला चिकटून आलं तर तेवढंच, आणि सोललेल्या बियांत ते आणखी कमी. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, या बिया खाद्यपदार्थ म्हणून मान्य केल्या, त्यात टीएचसीची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम ठेवलीय. कुमाऊं-गढवालकडे तर या बियांची चटणी घरोघरी होते. हे सगळं सांगितल्यावर सासूबाईंनी स्वतः चमचाभर चावून बघितल्या, म्हणाल्या तीळ आणि अक्रोडाच्या मधली चव आहे. अगदी तशीच आहे.

आता पोळी, म्हणजे आंबापोळीसारखीच, पण द्राक्षाचा गर वाळवून केलेली. मार्चमध्ये पंचवटीच्या बाजारात द्राक्षांचे सुटे मणी घडांपेक्षा बरेच स्वस्त मिळतात, दिसायला बरे नसतात पण गोडी तीच. दोन किलो मणी आणि दोन पिकलेले पेरू, पेरू यासाठी की नुसत्या द्राक्षाचा रस पातळ राहतो आणि पोळी धरतच नाही, पेरूतल्या पेक्टिनने, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या घटकाने, तो आळतो. दोन्ही शिजवून गाळायचं, लिंबू पिळायचं, परत आटवायचं, उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ दिसला की बंद. साखर अजिबात नाही, द्राक्षालाच भरपूर असते. मग ट्रेवर साधारण तीन मिलिमीटर जाडीने पसरायचं, कडेला थोडं जाड ठेवायचं कारण कडा आधी वाळून तडकतात.

बिया कधी घालायच्या यात मी दोनदा चुकले. पहिल्यांदा गरात मिसळल्या तर पोळी मऊ पडली आणि आठवड्यात खवट वास आला. या बियांत जवळपास निम्मं तेल असतं, आणि ते उष्णतेने लवकर बिघडतं. दुसऱ्यांदा अगदी शेवटी भुरभुरल्या, त्या सगळ्या झडून गेल्या. आता पोळी वरून हाताला चिकटेल इतपत असताना, म्हणजे शेवटच्या तासा-दीड तासाला घालते आणि वाटीने हलकेच दाबते. छान बसतात, दाताखाली खुसखुशीत लागतात.

ड्रायरबद्दल तक्रार नाही. साठ डिग्रीवर सात-आठ तास लागतात, २५० वॅटचा आहे म्हणजे जास्तीत जास्त दोन युनिट. आई गच्चीवर ताटाला तूप लावून आंबापोळी घालायची, त्या उन्हाची चव यात येत नाही हे खरंय, पण आमच्या इथे बांधकामांची धूळ इतकी आहे आणि मार्चमध्ये अवकाळी कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे मला हाच बरा वाटतो. फक्त ट्रे मधेच वरखाली करावे लागतात, खालचा आधी वाळतो.

पाकिटावर मात्र मी नाराज आहे. पहिलं पाकीट ताजं होतं, दुसरं उघडलं तर बिया पिवळट आणि कडू, तारीख अजून पाच महिने बाकी होती! फोटो पाठवले, दोन मेल केले, उत्तर आलं नाही. सव्वाचारशे रुपये गेले. त्यामुळे घेताना लहान पाकीट घ्या, एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर आणि पॅकिंगची तारीख बघा, उघडलं की डबा फ्रिजमध्ये. बिया लावलेली पोळी पण फ्रिजमध्येच, पंधरा दिवसांत संपवायची, साधी पोळी महिनाभर टिकते.

अजून एक, हे कळकळीने सांगतेय. पोळी खाऊन बघितल्यावर नात्यातल्या दोघांनी विचारलं, यात बियांऐवजी खरा माल घालून करून देशील का. नाही देणार. गांजा किंवा त्याचा अर्क घालणं १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हा आहेच, पण मला त्याहून भीती वाटते ती पोरांची. ओढल्यावर चढतं लगेच, खाल्ल्यावर अर्धा तास ते दोन तास काहीच कळत नाही, आणि मोठी माणसंसुद्धा काही होत नाही म्हणून अजून एक तुकडा तोंडात टाकतात. लहान मूल तर गोड लागलं की आख्खी गुंडाळी संपवणार, आणि त्याला ते सुस्ती, उलट्या, क्वचित श्वास मंदावण्यापर्यंत जातं. फ्रिजमध्ये दिसायला एकसारख्या दोन पोळ्या, एक डब्याची आणि एक तसली, हे ज्या घरात मुलं आहेत तिथे नकोच.

ड्रायरला साडेचार स्टार, बियांना चवीसाठी चार, त्या कंपनीच्या पाकिटाला दोन. पुढचं पाकीट दुसरीकडून मागवलंय, आता आंब्याची पोळी घालणारे.