गच्चीवरचं कूल रूफ कोटिंग: ग्वाल्हेरचे दोन उन्हाळे काढल्यानंतर

यंदाच्या मे महिन्यात वरच्या खोलीतल्या दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंत एकदाही कट होईना. मेकॅनिक म्हणाला, गॅस भरा. असं कुणी सांगितलं तर आधी साधा थर्मॉमीटर लावून बघा. एसीच्या वरच्या जाळीशी आत जाणारी हवा आणि खालून बाहेर पडणारी हवा यांत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर गॅस बहुतेक ठीक असतो. इथे फरक दहाचा निघाला. मग नजर गच्चीकडे गेली.

गच्ची 600 चौरस फूट, स्लॅब पाच इंची. मागच्या वर्षी मार्चमध्ये तिच्यावर कूल रूफ कोटिंगचे, म्हणजे ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे, दोन हात दिले, 30 लिटर लागलं. खरबरीत सिमेंट रंग पितं, त्यामुळे डब्यावरच्या हिशेबापेक्षा जास्तच आणावं. पहिल्या उन्हाळ्यात या मालाला पाचपैकी पाच द्यावेत असा फरक होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते पाच राहिले नाहीत, आणि कारण धूळ. दोन-तीन आंध्या (धुळीची वादळं) येऊन गेल्या की पांढरी गच्ची मातकट होते. बोट फिरवलं तर पांढरी रेघ उठते. वीतभर जागा ओल्या फडक्याने पुसून दुपारी दोनला तळहात टेकवून बघा. पुसलेल्या जागी हात ठेवता येतो, शेजारी टेकताच उचलावा लागतो. कोटिंगचं काम ऊन परतवायचं. वर माती बसली की ऊन त्या मातीत मुरतं, तिथून स्लॅबमध्ये उतरतं, आणि जाड स्लॅब ती उष्णता काही तास उशिराने खोलीत सोडतो. म्हणून दुपारपेक्षा रात्री जास्त उकडतं.

विकणाऱ्या कंपनीशी यावरून बराच वाद झाला. वॉरंटी कार्डावर गळती आणि पापुद्रे एवढंच आहे, ऊन परतवण्याबद्दल एक ओळ नाही. विकताना मात्र सगळा जोर थंडाव्यावर! कार्ड घेण्याआधी वाचा.

धुणं अवघड नाही. आधी कोरडा झाडू, मग चार-पाच बादल्या पाणी आणि नरम ब्रश. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड अजिबात नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाचवायच्या नादात गच्चीवर ओतू नका, त्यातल्या क्षारांची पापडी धरते. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी, आणि मोठी आंधी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी.

धुतल्यावर फरक पडला, पण अर्धाच, त्यामुळे सगळा दोष धुळीला देणं चुकीचं होतं हेही सांगायला हवं. उरलेला दोष पीओपीच्या फॉल्स सीलिंगचा निघाला. स्लॅब आणि पीओपी यांच्यामधल्या फूटभर पोकळीत तापलेली हवा कोंडते. एसी सीलिंगला खेटून बसवलेला, शेजारी कोव्ह लाइटची (सीलिंगच्या कडेला लपवलेल्या दिव्यांची) फट आणि पाइपचं भोक. तिथून खाली येणारी गरम हवा एसी वरच्या जाळीतून ओढतो. सेन्सरही त्याच जाळीमागे, त्यामुळे 24 वर ठेवलेल्या एसीला खोली कायम गरमच वाटते. भोक फोमने, फट सिलिकॉनने बंद केली आणि कॉम्प्रेसर त्याच रात्री कट व्हायला लागला. सीलिंग उघडणार असाल तर वर 50 मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारा लोकरीसारखा थर) अंथरा, पण दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या छोट्या डब्या, त्याखाली गाडू नका, तापून जातात.

नव्याने कोटिंग करणाऱ्यांनी गच्ची घासून धुवावी, पूर्ण दिवस वाळू द्यावी, भेगा भराव्यात, मग प्रायमर. दोन हात एकमेकांना आडवे, मध्ये चार-सहा तास. काम सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर. तापल्या स्लॅबवर लावलं तर वरून साय धरते, खाली पकड येत नाही, आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. डबा तळापासून ढवळा, पांढरा भाग खाली बसतो.

हिवाळ्यात वरची खोली जरा जास्त गार पडते, ते चालतं. सध्या पाचपैकी साडेतीन. जिन्याच्या दाराशी ये-जा होते तिथे थर झिजून सिमेंट दिसायला लागलं आहे, तेवढ्या पट्ट्यावर फेब्रुवारीत तिसरा हात द्यावा लागेल.